हट्ट की भूक?

जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत माझी एक वर्गमैत्रीण शिकवते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला. नववीतल्या एका मुलीबद्दल तिला बोलायचे होते. मुलगी अभ्यासात चांगली, वह्या नीटनेटक्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. शाळा सुरू झाल्यापासून तिचा डबा जसाच्या तसा घरी परत जात होता. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार असे उपास सुरू झाले. पुढे उपास नसलेला वारच उरला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती स्वेटर घालून बसे. प्रार्थनेच्या वेळी दोनदा घेरी येऊन पडली. आणि गंमत म्हणजे (हा शब्द मैत्रिणीचा) घरी ती स्वतः स्वयंपाक करून सगळ्यांना आग्रहाने वाढत असे. शिक्षकांच्या खोलीत निकाल लागून गेला होता : नखरे. आईने रडून पाहिले, वडिलांनी एकदा हात उगारून पाहिला. मैत्रिणीचा प्रश्न सरळ होता. "तू संशोधन करतेस ना? मग हा हट्ट आहे की आजार, एवढं सांग."

माझे संशोधन पेशींमधल्या ऊर्जेच्या हिशेबाचे आहे, मनाचे नव्हे. आधी तिला डॉक्टरांना दाखवा, नाडी आणि रक्तदाब बघू द्या, एवढे सांगून मी वाचायला बसले. वाचताना लक्षात आले की हा प्रश्न चांगला दीडशे वर्षे जुना आहे. त्याच्या उत्तराला वळण मिळाले ते मनोरुग्णालयात नव्हे, तर दुष्काळाच्या अभ्यासातून. जतच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. त्या वर्षी मिळालेली परदेशी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी आमच्या भागात अजून घराघरात निघतात. मला आठवते ती पुढच्या काळातली, चांगल्या दिवसांतली आजी. घरात धान्य भरपूर असताना ती उतरंडीतल्या एका गाडग्यात चतकोर भाकरी ठेवायची आणि कुणी ती काढली तर दिवसभर कुणाशी बोलायची नाही. आम्ही नातवंडे हसायचो. ती म्हणायची, "पोटात नसलं की डोस्कं ठिकाणावर ऱ्हात न्हाई, तुमास्नी काय कळायचं." हे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि ते मोजून दाखवता येते, हे मला फार उशिरा कळले.

भुकेल्या माणसाच्या वागण्याला हट्ट म्हणण्याची चूक आपल्याकडे सरकारी पातळीवरही झालेली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. सातारा आणि कलादगी (पुढचा विजापूर) हे जिल्हे त्यात होते आणि डफळ्यांचे जत संस्थान त्यांच्या मधोमध होते. व्हाइसरॉय लिटन यांनी खर्चावर लगाम घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. दुष्काळी कामावरच्या धडधाकट माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरतात, असे टेंपल यांनी ठरवून टाकले. १८७७ च्या जानेवारीत हा दर लागू होऊ लागला तसे मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. हा अधिकाऱ्यांना आडमुठेपणा वाटला. पुण्याची सार्वजनिक सभा मात्र मजुरांच्या बाजूने उभी राहिली आणि सरकारला अर्ज-अहवाल पाठवत राहिली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनीही हा शिधा माणूस जगवायला अपुरा आहे असा जोरदार आक्षेप घेतला. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. धान्याच्या १०० ग्रॅमला ३५० उष्मांक धरले तर हिशेब होतो सुमारे १६०० उष्मांकांचा. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा येणार आहे.

आता जग बदलून १९४४ सालच्या अमेरिकेत जाऊ. युरोप युद्धाने उपाशी होता. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती. युद्ध संपल्यावर कोट्यवधी उपाशी माणसांना पुन्हा खाते करायचे होते, पण ते कसे करायचे याचे नियंत्रित प्रयोगातून मिळालेले ज्ञान जवळजवळ नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी प्रयोग आखला. धर्मश्रद्धेमुळे वा विवेकामुळे बंदूक हाती घेण्यास नकार दिलेले तरुण त्या वेळी अमेरिकेत नागरी सेवेवर होते. त्यांना आवाहन केले गेले, आणि पुढे आलेल्यांतून ३६ जण निवडले. शरीराने धडधाकट आणि मनाने स्थिर, ही मुख्य अट होती. सगळे पुरुष, सगळे आपखुशीने आलेले. या शेवटच्या दोन गोष्टी पुढच्या कथेसाठी महत्त्वाच्या आहेत.

१९ नोव्हेंबर १९४४ रोजी विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे सगळ्यांना नेहमीचा, सुमारे ३२०० उष्मांकांचा आहार. १२ फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे अर्धपोटी आहार : दोन जेवणे, त्यांत गव्हाचा पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी, युरोपात मिळू शकेल तेच. सरासरी उष्मांक सुमारे १५७०. म्हणजे टेंपलसाहेबांचा शिधाच! फरक इतकाच की इथे खडी फोडायची नव्हती, आठवड्याला २२ मैल चालायचे होते.

वजने सरासरी जवळजवळ चतुर्थांशाने घटली. नाडी मंदावली. विश्रांतीच्या अवस्थेतला चयापचयाचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. शरीर स्वतःची भट्टी मंद करत होते. म्हणून थंडी. ऐन जुलैमध्ये ही मुले कोट घालून उन्हात बसत. हे सगळे कीज यांना थोडेफार अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते मनाचे वागणे.

दुसरा विषयच सुचेना. जेवणाखेरीज कशावर बोलणे होईना. ज्यांनी जन्मात चूल पाहिली नव्हती ते पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले. एकाजवळ शंभराच्या आसपास पुस्तके झाली. जेवणाचे ताट घेऊन तास-दीड तास चिवडत बसायचे, पदार्थ विचित्र रीतीने एकत्र करायचे, पाण्याने फुगवायचे, शेवटी ताट चाटायचे. कॉफी आणि च्युइंगम यांवर बंधन घालावे लागले. दुसऱ्यांना खाताना बघायला बरे वाटायचे. मित्रांत जाणे नको, हसणे नको. लैंगिक इच्छा विझली. लहानसहान गोष्टींवर संताप येई आणि मग त्या संतापाची लाज वाटे. काहींच्या हातून चोरून खाणे झाले, आणि त्यानंतर अपराधाची अशी भावना की ते कोलमडले. पुढे बाहेर जाताना जोडीने जाण्याचा नियम करावा लागला. बुद्धीच्या चाचण्यांचे गुण मात्र घसरले नाहीत, जरी मुलांना आपले डोके चालेनासे झाले आहे असे ठामपणे वाटत होते. आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते : आपण भलतेच रोडावलो आहोत असे काहींना वाटतच नसे, उलट आजूबाजूची सामान्य माणसेच त्यांना लठ्ठ दिसत.

नंतरचे १२ आठवडे हळूहळू खाणे वाढवण्याचे होते. गटांना वेगवेगळ्या प्रमाणात जास्तीचे उष्मांक दिले. काहींना वरून जीवनसत्त्वे, काहींना जास्त प्रथिने. जीवनसत्त्वांनी आणि प्रथिनांनी फरक पडला नाही. फरक पडला तो एकूण अन्नाने. पण अन्न वाढले म्हणजे मन लगेच सुधारले असे नाही. या काळात काही जण जास्तच खिन्न झाले. एकाने लाकूड फोडताना स्वतःच्या हाताची तीन बोटे तोडून घेतली, आणि ते मुद्दाम केले की चुकून झाले हे त्याला स्वतःलाही कधी नक्की सांगता आले नाही. बंधन उठल्यावर कित्येकांनी पोट तडस लागेपर्यंत खाल्ले आणि तरी भूक भागल्यासारखे वाटेना. हे कित्येक महिने चालले.

कीज आणि सहकाऱ्यांचा दोन खंडांचा, जवळजवळ १४०० पानांचा ग्रंथ १९५० साली निघाला. त्याआधी, १९४६ मध्ये, एक छोटे पुस्तक आले. प्रयोगातले मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गेट्झको यांनी ते पॉल बोमन यांच्याबरोबर मदतकार्यकर्त्यांसाठी लिहिले. थोरल्या ग्रंथाचा दबदबा मोठा, पण माझ्या मते खरे धाडस या पुस्तिकेचे आहे. उपाशी माणूस रांगेत चिडेल, आभार मानणार नाही, दिलेले लपवून ठेवील, संशय घेईल. हा त्याचा स्वभाव नव्हे, ती भूक आहे. तुम्ही हे आधी जाणून घ्या म्हणजे त्याच्यावर रागावणार नाही, असा तिचा एकंदर सूर आहे. प्रयोगशाळेतल्या आकड्यांतून कणव निघालेली मी क्वचितच पाहिली आहे.

आजीचे गाडगे मला या पुस्तिकेमुळे कळले. पण नववीतल्या मुलीला अन्नाची ददात नव्हती. तिच्यासमोर भरलेला डबा होता. मग दुष्काळाच्या अभ्यासाचा तिच्याशी काय संबंध?

हा संबंध लक्षात यायला वैद्यकाला बराच वेळ लागला. खाणे सोडून खंगत जाणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केले. (दख्खनच्या दुष्काळाआधी फक्त तीन वर्षे. दोन्ही ठिकाणची शरीरे सारखीच थंड पडत होती, पण तुलना करायला कोण बसले होते?) गल यांनी त्याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. शब्दाचा अर्थ होतो भूक न लागणे. नाव चुकीचे पडले, कारण भूक असते. ती दाबलेली असते. गल यांचे निरीक्षण मात्र पक्के होते : मंद नाडी, थंड अंग, आणि इतक्या अशक्त मुलीची न थांबणारी धावपळ. उपचार म्हणून त्यांनी ऊब आणि ठराविक वेळाने थोडे थोडे अन्न सांगितले. ते बरोबरच होते. पण रोग्याला सांभाळायला नातेवाईक सर्वांत अयोग्य, असाही त्यांचा शेरा होता. तो शेरा पुढे शंभर वर्षे मुलींच्या आयांना भोवला. पॅरिसमध्ये शार्को यांनी तर मुलीला आईबापांपासून पूर्ण तोडणे हाच उपचार ठरवला.

१९१४ साली हँबुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी पीयूषिका ग्रंथी नष्ट झाल्याने शरीर झडल्याचे वर्णन केले, आणि पुढची दोन-तीन दशके अशा कितीतरी मुलींवर ग्रंथीच्या अर्कांचे उपचार होत राहिले. विज्ञानात चांगला शोध चुकीच्या कुलपाला लावून बघण्याचे प्रकार होतातच. त्यानंतर इन्सुलिन, विजेचे झटके, भारी मात्रेत शामक औषधे. १९६० च्या दशकात वर्तनोपचाराची एक पद्धत आली : खोलीतून पुस्तके, रेडिओ, भेटीगाठी सगळे काढून घ्यायचे आणि वजन वाढेल तसे एकेक परत द्यायचे. वजन वाढायचे. आकडा दिसायचा आणि प्रबंध छापून यायचे. ह्यूस्टनच्या मनोविकारतज्ज्ञ हिल्डा ब्रूक यांनी १९७४ मध्ये याविरुद्ध लेख लिहिला. या मुली सुटका करून घेण्यापुरते खातात, घरी जाऊन पुन्हा सोडतात, आणि आधीपेक्षा अधिक हताश होतात, अशा कहाण्या त्यांच्यापर्यंत आलेल्या होत्या. मुलीचे म्हणणे ऐकून घ्या, हा ब्रूक यांचा आग्रह. मात्र त्याही घराकडे, विशेषतः आईकडे, संशयानेच बघत.

दुष्काळाचा अभ्यास आणि हा आजार यांना उपचाराच्या खोलीत एकत्र आणले मानसशास्त्रज्ञांनी, आणि त्यांत टोरोंटोचे डेव्हिड गार्नर हे नाव घ्यावे लागते. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उपचारांच्या एका ग्रंथात मिनेसोटाच्या प्रयोगाचे सविस्तर वर्णन दिले; डॉक्टरांसाठी नव्हे, तर रुग्णाला वाचायला देण्यासाठी. कल्पना साधी होती. मुलगी समजते की सतत अन्नाचाच विचार येणे, ताट चिवडणे, पाककृती जमवणे, चिडणे, एकटे राहणे, एकदा सुटले की थांबता न येणे हे सगळे आपल्या नासक्या स्वभावाचे पुरावे आहेत. म्हणून तर आपल्यावर आणखी कडक पहारा हवा. आणि पहारा म्हणजे आणखी उपास. तिला दाखवायचे की छत्तीस निरोगी, स्थिर मनाच्या पुरुषांना अर्धपोटी ठेवल्यावर त्यांच्यात नेमके हेच दिसले. बरीच लक्षणे आजाराचे कारण नाहीत, ती भुकेची फळे आहेत, आणि पुन्हा त्याच भुकेला घट्ट करतात.

यातून दोन गोष्टी बदलल्या. दोष देणे निरर्थक ठरले. आणि दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची : अन्न हाच पहिला उपचार ठरला. उपाशी मेंदूशी तासन् तास खोल गप्पा मारून उपयोग नाही. करुणा म्हणजे "नको असेल तर राहू दे बाळ" म्हणणे नव्हे. करुणा म्हणजे न रागावता, न सोडता, रोज ठरल्या वेळी ताट पुढे ठेवणे.

इथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. मिनेसोटाच्या तरुणांना खायचे होते. या मुलींना खाण्याची भीती वाटते. भूक आजाराचे चक्र फिरते ठेवते, पण ते पहिल्यांदा कशाने फिरले हे भुकेच्या अभ्यासावरून कळत नाही. शरीराच्या आकाराबद्दलची भीती, शाळेतली टिंगल, परिपूर्णतेचा ध्यास, घरातला एखादा आघात, अशा अनेक वाटा त्यात येतात. आनुवंशिकतेचाही भाग आहे : २०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध मनाइतकाच चयापचयाशीही दिसला. माझ्यासारखीला यात अर्थातच जास्त रस, पण वर्गात त्याचा आज उपयोग नाही, म्हणून पुढे जाते.

उपचारांची खरी कसोटी लागली ती चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात जेरल्ड रसेल (ज्यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसाचे, म्हणजे अनावर खाणे आणि मग ते बाहेर काढणे या विकाराचे, वर्णन केले) आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्ण घेतले. रुग्णालयात वजन सुधारल्यावर काहींना एकट्याशी बोलण्याचा उपचार, काहींना कुटुंबासह. १९८७ मध्ये निष्कर्ष छापला : १९ वर्षांच्या आत सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळच्या आजारात कुटुंबासह उपचार स्पष्टपणे सरस. म्हणजे गल यांनी ज्यांना सर्वांत अयोग्य म्हटले तेच उपयोगी पडत होते! या उपचारात आईबापांना दोष दिला जात नाही. आजार मुलीपासून वेगळा धरला जातो; काही काळ जेवणाची जबाबदारी आईबाप घेतात, वजन सावरल्यावर ती हळूहळू मुलीकडे परत जाते, आणि मग तिच्या वयाचे प्रश्न बोलायला घेतात. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर याची दुसऱ्या एका उपचाराशी तुलना झाली. उपचार संपून वर्ष झाल्यावर पूर्ण बरे म्हणता येतील असे कुटुंबोपचाराच्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात २३. आकडा चांगला आहे, पण निम्मे उरतातच हेही त्यात दिसते. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कुटुंब हे या आजाराचे कारण मानू नये असे अधिकृत निवेदन काढले.

प्रौढांसाठी ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी पद्धत बसवली. १९८१ चा त्यांचा पहिला लेख फक्त ११ रुग्णांचा होता. पुढे तिच्यावर मोठ्या चाचण्या झाल्या. तिचाही पाया ठराविक वेळी खाणे हाच. डर्बीचे मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी लाज आणि स्वतःवर ओढलेले कोरडे यांवरच उपचार योजला, आणि तो आहारविकारांना लावून बघितला जात आहे. त्याचा पुरावा अजून लहान चाचण्यांचा आहे.

हे सगळे गोऱ्यांच्या देशातले, आपल्याकडे हे खूळ नाही, असे शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणेल. तसे बरीच वर्षे डॉक्टरही म्हणत होते. १९८९ मध्ये मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना गार्नर यांचीच प्रश्नावली दिली तेव्हा २९ टक्के मुली धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या. आकडा धक्कादायक होता. पण तपासल्यावर कळले की काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी आपल्या चालीरीतींप्रमाणे वेगळाच घेतला होता. मोजपट्टी भाषांतरित झाली तरी तिचे अंतर भाषांतरित होत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्याने वर्गात सांगावे असे उदाहरण आहे. उलट बाजूची चूकही होते. १९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुणींची हकीकत छापली. खाणे सोडलेले, उलट्या, वजन उतरलेले. पण आपण लठ्ठ आहोत अशी पाश्चात्त्य पुस्तकातली भीती त्यांच्यात नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही तसेच रुग्ण दिसत होते. पुस्तकातले लक्षण नाही म्हणून आजार नाही असे म्हटले असते तर या मुली सुटून गेल्या असत्या. आपल्याकडची मुलगी 'मी जाड आहे' म्हणेलच असे नाही. ती 'भूक नाही' म्हणेल, 'पोट दुखते' म्हणेल, 'उपास आहे' म्हणेल.

उपास हा शब्द सर्वांत सोयीचा, कारण त्याला घरात मान आहे. उपास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, हे सांगायला नको. उपास सोडायची वेळ येते तेव्हा ती आनंदाने सोडते का, एवढे पाहिले तरी बरेच कळते. आणि जतसारख्या तालुक्यात दुसरी शक्यता आधी तपासायची : आईबाप ऊसतोडीला गेलेत, घरी म्हातारी आजी, डब्यात काही नाहीच. क्षय, रक्तक्षय, मधुमेह यांनीही वजन उतरते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. त्यामुळे खिचडीच्या रांगेत जी मुलगी आपल्या डोळ्यांसमोर जेवत होती, ती नववीत गेल्यावर जेवते की नाही हे शाळेत कुणालाच दिसत नाही. नेमके याच वयात हा आजार सुरू होतो, आणि मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू घडवणाऱ्यांत त्याची गणना होते.

शिक्षकाने उपचार करायचा नाही. वजनावर, दिसण्यावर, 'किती बारीक झालीस' किंवा 'आता छान दिसतेस' असे काहीही बोलायचे नाही. वर्गासमोर खायला लावायचे नाही. बाजूला घेऊन 'तुला थंडी वाजते, घेरी येते हे मी पाहिले, मला काळजी वाटते' इतकेच बोलायचे, आईवडिलांना दोष न देता बोलवायचे आणि डॉक्टरांकडे जायला लावायचे. आसपास मनोविकारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची सरकारी सेवा आहे.

आणि घाईने भरवायचेही नाही. इथे मात्र माझा विषय येतो. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाल्ले की रक्तात इन्सुलिन उसळते; पेशी साखर जाळू लागतात आणि त्यासाठी रक्तातले फॉस्फेट ओढून घेतात. शरीरातला साठा आधीच रिता असतो. फॉस्फेट घसरले की हृदयाच्या आणि श्वासाच्या स्नायूंना ऊर्जा मिळेनाशी होते आणि माणूस जेवणानंतर दगावू शकतो. १५ एप्रिल १९४५ रोजी बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथे बंगालच्या दुष्काळातल्या अनुभवावरून बनवलेले एक मिश्रण देऊन पाहिले गेले. ते इतके गोड होते की पुष्कळांना घेववेना. टायफस आणि उपासमार यांनी मुक्तीनंतरही तिथे हजारो माणसे मेली. म्हणून फार वजन उतरलेल्या मुलीचे पहिले काही दिवसांचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत वाढवायचे असते.

मैत्रिणीच्या विद्यार्थिनीला सांगलीला नेले. नाडी मिनिटाला ४६ होती. दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. नंतर आईने शेतावरची कामे कमी करून तीन जेवणे आणि दोन मधली खाणी स्वतः समोर बसून द्यायला सुरुवात केली. ताट उधळण्याचे प्रसंगही झाले. शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रीण आपला डबा घेऊन प्रयोगशाळेत तिच्याजवळ बसे आणि जेवणाखेरीज कशावरही बोले. एकदा तिने मिनेसोटाची गोष्ट सांगितली. मुलीने बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "त्यांनापण थंडी वाजायची, बाई?" वाजायची, जुलैमध्येसुद्धा, असे कळल्यावर तिने त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकांबद्दल विचारले. तिच्या दप्तरात तशी एक वही होती, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हते.

ती आता दहावीत आहे. वजन अजून पूर्ण आलेले नाही, महिन्यातून एकदा सांगलीची फेरी होते. कीज यांच्या ३६ जणांपैकी हयात असलेल्या १८ जणांच्या मुलाखती २००३-०४ मध्ये घेतल्या गेल्या. पूर्ववत व्हायला अनेकांना काही महिने, काहींना दोन वर्षांपर्यंत लागल्याचे त्यांनी सांगितले. हे मैत्रिणीने त्या आईला मुद्दाम सांगितले आहे.